पेन्सिलीच्या खुणा

मागच्या उन्हाळ्यात इथे मिशिगनमध्ये एका गॅराज सेलमध्ये व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. सोबत हीथकिटची पुस्तिका. प्रत्येक पायरीआधी रिकामा कंस. ही तार इथे जोडा, सोल्डर करा, कंसात खूण करा. कोणा अनोळखी माणसाने शेवटपर्यंत सगळ्या खुणा केल्या होत्या, पेन्सिलीने!

हीथकिटची गोष्ट मोठी मजेशीर आहे. एडवर्ड हीथ विमानांचे किट विकायचा. १९३१ साली विमान अपघातातच तो गेला. १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने कंपनी घेतली आणि पुढे मिशिगनमधल्याच बेंटन हार्बरला नेली. महायुद्ध संपल्यावर लष्कराचे उरलेले इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्तात मिळू लागले. त्यातूनच १९४७ मध्ये ३९.५० डॉलरला ऑसिलोस्कोपचे किट आले. जुळणीची मजुरी गिऱ्हाइकाची, म्हणून किंमत कमी. साधा हिशोब!

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात विल्यमसनने १५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचे सर्किट छापले. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे चुका आपसूक खोडल्या जातात. ही निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना हॅरल्ड ब्लॅकची, १९२७ सालची. विल्यमसनने आउटपुट ट्रान्सफॉर्मरही त्या फेऱ्यात घेतला आणि विकृती ०.१ टक्क्यावर आणली. मेख ट्रान्सफॉर्मरमध्येच होती. तो सुमार असला तर सर्किट गाण्याऐवजी स्वतःच शिट्ट्या मारू लागते. १९५०च्या दशकात हीथकिटने या धर्तीचे किट विकले आणि चांगला आवाज घरोघरी हाताने घडू लागला.

मग हे संपलं का? छापील सर्किट बोर्ड, आयसी आणि यंत्राने होणारी जुळणी आली. तयार वस्तू किटपेक्षा स्वस्त झाली. ज्या मजुरीच्या बचतीवर सगळा डोलारा उभा होता, तीच उरली नाही. १९९२ मध्ये हीथकिटने किट बंद केले.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून नुसती घरघर यायची. मला वाटलं, कुठेतरी सोल्डर कच्चं असणार. शाळेत असताना लॅमिंग्टन रोडवरून आणलेला टीबीए ८१० मी असाच, कच्च्या जोडांपायी जाळला होता. बाबा काही बोलले नाहीत, नवीन आयसीसाठी पैसे तेवढे दिले. पण इथे एकेक जोड तपासला, सगळे पक्के. सुकले होते ते फिल्टर कपॅसिटर. भाग म्हातारे झाले होते, हात चुकला नव्हता.

कपॅसिटर बदलले, घरघर थांबली. खरं सांगायचं तर डॉक्टरेट झाली तरी माझी बहुतेक सर्किट्स संगणकाच्या पडद्यावरच जगतात आणि तिथेच मरतात. म्हणून पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक ओळ वाढवली: कपॅसिटर बदलले. पुढे कंस काढला आणि खूण केली.

पेन्सिलीनेच.