कसबा: शहराच्या पोटातलं गाव

फडके हौदाच्या चौकात रिक्षा सोडा. पुढचे कसबा पेठेतले बोळ इतके चिंचोळे की मीटर चालू ठेवूनही रिक्षावाला आत शिरायचा नाही. पुणं म्हणजे पेशवाई असं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्याने तर इथून पायीच जावं. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 सालची. तुम्हाला त्याच्याही शंभर वर्षं मागे जायचंय.

1630. तुम्ही उभे आहात ती जागा ओसाड आहे. विजापूरच्या मुरार जगदेवाने गाव जाळलंय, गाढवांचा नांगर फिरवलाय आणि रोवलेल्या पहारीला फाटका जोडा टांगलाय, असं सांगतात. जोडा तुम्हाला दिसेलच असं नाही. पडक्या भिंती आणि त्यांवर माजलेली रानझुडपं मात्र दिसतील. माणसं मावळात पांगली आहेत.

सहा-सात वर्षं पुढे सरका. जिजाऊंनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला, ही गोष्ट तुम्ही शाळेतच ऐकलीय. पण सोनं बघून कुणबी परत येत नाही. त्याला हवा असतो कौल: पडीक जमीन कसलीस तर पहिली काही वर्षं सारा हलका राहील, याचा शब्द. दादोजी कोंडदेवांचा कारभार नावाजला गेला तो अशा कामामुळे. गणपतीचं देऊळ उभं राहतंय, आत शेंदराने माखलेला तांदळा. आजही हा पुण्याचा ग्रामदेव आहे, आणि लाखोंच्या शहराला ग्रामदेव असणं कुणाला विचित्र वाटत नाही.

लाल महालापाशी थांबू नका. 5 एप्रिल 1663 ची रात्र आणि शाहिस्तेखानाची बोटं तुम्हाला पाठ आहेत. तांबट आळीत चला.

आळी डोळ्यांआधी कानांनी कळते. ठण् ठण् ठण्, दहा घरांतून एकदम, आणि तरी प्रत्येक घराचा ताल निराळा. पेशवाई आहे. ओसरीवर एक तांबट लोखंडी दांड्याला तांब्याचा हंडा अडकवून मांडी घालून बसलाय. डाव्या हाताने तो हंडा कणाकणाने फिरवतो, उजव्या हाताने हातोडी मारतो. जिथे हातोडी पडते तिथे चकचकीत टिकली उमटते, पुढची तिला खेटून. याला मठारकाम म्हणतात. तुम्हाला ती नक्षी वाटेल, पण ठोकल्याने तांबं घट्ट होतं आणि पातळ पत्र्याचा हंडाही पोचत नाही. फार कडक झालं तर भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचं, चिंचेने काळपट थर काढायचा, परत ठोकायचं. तुम्ही बोलायला जाल, तो मान वर करणार नाही. अवमान समजू नका, त्याला ऐकूच येत नाहीये. पलीकडे बुरूड आळीत सुपं विणली जाताहेत, कुंभारवेशीकडून भाजल्या मडक्यांचा धूर येतोय.

1897 च्या मार्चमध्ये हीच ठणठण थांबलेली असेल. प्लेगची साथ आहे. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर बुटांसह स्वयंपाकघरात, देवघरात शिरताहेत. आजारी माणूस इस्पितळात, घरातली धडधाकट माणसं छावणीत. पेठेत माणूस आजार लपवायला शिकलाय. 22 जूनला गणेशखिंडीत रँडवर चापेकरांच्या गोळ्या सुटतील.

आणखी एक दिवस बघून घ्या: 12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलंय, मागोमाग खडकवासल्याचंही. मुठेचं पाणी काठ सोडून पेठांत शिरलंय, कच्च्या विटांचे वाडे बसकण मारताहेत. पूर ओसरल्यावरची तऱ्हा तुम्हाला अधिक चक्रावून टाकेल. सगळीकडे गाळ आणि नळाला थेंब नाही. मग वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरींवर पोहरे पडतात, आणि माळ्यावर टाकलेले तांब्याचे हंडे घेऊन बायका रांगेत उभ्या राहतात.

परतायला आता भुयारी मेट्रो आहे. 29 सप्टेंबर 2024 पासून 'कसबा पेठ' हे स्थानक सुरू झालंय. निघण्याआधी आळीत एक चक्कर मारा. ठोकणारे हात आता मोजकेच राहिलेत, बंबाऐवजी शोभेच्या वाट्या नि दिवे जास्त होतात. किंमत ऐकून घासाघीस करावीशी वाटेल. तो मठारलेला तांब्या हातात घेऊन, टिकल्या मोजून मग करा.