ई-पुस्तकांचे पुरस्कार आणि लिपीचा प्रश्न : सुरत ते फ्रँकफर्ट

सुरत शहराच्या दक्षिणेला असलेले उधना हे यंत्रमागांचे आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांचे उपनगर आहे. तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग येथूनच जळगावकडे जातो. त्याच मार्गाने खानदेशातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिली. त्यांच्यासोबत उत्तर भारत, ओडिशा आणि तेलंगणातील कामगारही आले. म्हणून सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीला गुजरातीखेरीज मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात. मराठी किंवा उर्दू ग्रंथाच्या बाजारपेठेपासून दूर राहणाऱ्या अशा वाचकाला ई-पुस्तकाचा सर्वांत जास्त उपयोग व्हायला हवा होता. तो अपेक्षेइतका का झाला नाही, या प्रश्नाचा एक धागा ई-पुस्तकांच्या पुरस्कारांच्या इतिहासात सापडतो. प्रस्तुत लेखात त्या धाग्याचा मागोवा घेतला आहे.

यंत्र आधी येते आणि लिपी मागे राहते, हा अनुभव सुरतेला नवा नाही. सतराव्या शतकात सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल असलेले भीमजी पारेख यांनी जुन्या पोथ्या छापून काढण्याच्या इच्छेने कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली. १६७४ मध्ये वर्षाला पन्नास पौंड पगारावर हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस आला. सोबत छापखाना, रोमन खिळे आणि कागदही आला. पण देशी अक्षरांचे खिळे पाडणे हिल्सला येत नव्हते. मुद्रक आणि अक्षरे खोदणारा कारागीर हे दोन वेगळे पेशे आहेत, हे लंडनमध्ये बसलेल्यांच्या लक्षात आले नसावे. पुढे भीमजींच्या माणसांनी स्वतः अक्षरे पाडून काही कागद छापल्याचा उल्लेख कंपनीच्या पत्रव्यवहारात येतो, परंतु उद्योग तेथेच थांबला. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाचा इतिहास लिहिताना (१९५८) या प्रकरणाची नोंद घेतली आहे. यंत्र, कागद, पैसा आणि इच्छा असे सगळे असूनही केवळ लिपी नसल्यामुळे काम अडले, एवढा भाग पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा.

आता सव्वातीनशे वर्षांनंतरचा काळ. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉकेट ई-बुक हे हातात धरून वाचण्याचे यंत्र विक्रीस आले. मार्च २००० मध्ये स्टीफन किंग यांची ‘रायडिंग द बुलेट’ ही दीर्घकथा केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध झाली आणि पहिल्या चोवीस तासांत तिला चार लाखांवर मागणी आली. कागदी पुस्तकाचे दिवस संपले, असे त्या वर्षी पुष्कळांना मनापासून वाटू लागले. याच उत्साहात इंटरनॅशनल ई-बुक अवॉर्ड फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. तिचा मुख्य आधार मायक्रोसॉफ्ट कंपनी होती आणि याच कंपनीने त्या सुमारास ‘मायक्रोसॉफ्ट रीडर’ हे वाचनाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले होते. ज्याचे दुकान त्याचाच पुरस्कार, अशी शंका त्या वेळी घेतली गेली असल्यास ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

पहिले पुरस्कार ऑक्टोबर २००० मध्ये फ्रँकफर्टच्या ग्रंथमेळ्यात देण्यात आले. महापारितोषिक एक लाख डॉलरचे होते. ते दोघांत विभागले गेले : डेव्हिड मॅरानिस यांनी लिहिलेले फुटबॉल प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांचे चरित्र आणि ई. एम. शॉर्ब यांची ‘पॅराडाइज स्क्वेअर’ ही कादंबरी. त्याच वर्षीच्या अन्य पुरस्कारांत झेडी स्मिथ यांच्या ‘व्हाइट टीथ’ या कादंबरीचे नाव आहे. मॅरानिस यांचे चरित्र १९९९ मध्येच छापील स्वरूपात येऊन वाचकप्रिय झाले होते. ‘व्हाइट टीथ’चीही कीर्ती छापील पुस्तकाचीच होती. ही पुस्तके उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की, गौरव नेमका कशाचा झाला? लेखनाचा म्हणावा, तर त्यासाठी इतर अनेक पुरस्कार आधीपासून होतेच. ई-पुस्तक म्हणून केलेल्या घडणीचा म्हणावा, तर तयार मजकूर संगणकात ओतण्यापलीकडे त्या घडणीत फारसे काही नव्हते.

२००१ चे महापारितोषिक भारतीय वाचकाच्या दृष्टीने विशेष आहे. ललितलेखनासाठी ते अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ला मिळाले, तर ललितेतर विभागात स्टीव्हन लेव्ही यांच्या ‘क्रिप्टो’ला. याच कादंबरीची राष्ट्रकुल लेखक पुरस्काराच्या स्पर्धेतील निवड घोष यांनी त्याच वर्षाच्या मार्चमध्ये नाकारली होती. ‘राष्ट्रकुल’ या नावाला त्यांचा आक्षेप होताच, परंतु त्या पुरस्कारासाठी केवळ इंग्रजी पुस्तकेच पात्र ठरतात आणि त्या देशांतील इतर भाषांचे साहित्य बाहेर राहते, हाही त्यांचा मुद्दा होता. काही महिन्यांनी फ्रँकफर्टला त्यांनी स्वीकारलेला सन्मान भाषेच्या बाबतीत फारसा वेगळा नव्हता : दोन्ही वर्षांची महापारितोषिके मिळवणारी चारही पुस्तके इंग्रजी होती. यात घोष यांना दोष देण्याचे कारण नाही. त्या वेळच्या वाचनयंत्रांवर रोमन लिपीखेरीज दुसरी लिपी नीट उमटणेच कठीण होते. हेन्री हिल्सच्या पेटीतही रोमन खिळेच होते. (पुढे २०१८ चा ज्ञानपीठ पुरस्कार घोष यांना मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिले इंग्रजी लेखक ठरले. भाषांच्या या जमाखर्चात तीही नोंद असावी.)

२००२ मध्ये ही संस्था बंद पडली. २००३ मध्ये बार्न्स अँड नोबल या मोठ्या पुस्तकविक्रेत्याने ई-पुस्तकांची विक्री थांबवली आणि रॉकेटचा वारसा चालवणारी यंत्रेही त्याच वर्षी बाजारातून गेली. मायक्रोसॉफ्ट रीडर २०१२ मध्ये बंद करण्यात आले. ज्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर पुरस्कार उभा होता, ते आज वापरात नाही. ‘द ग्लास पॅलेस’ वाचला जातो तो कागदावर किंवा नंतर आलेल्या अन्य स्वरूपांत.

याच्या उलट टोकाचा प्रयोगही २००१ मध्येच झाला. इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशनने कॅटलिन फिशर यांच्या ‘दीज वेव्ह्ज ऑफ गर्ल्स’ आणि जॉन केली यांच्या ‘विंडसाउंड’ या कृतींना प्रत्येकी दहा हजार डॉलरचे पुरस्कार दिले. या कृती पडद्याबाहेर अस्तित्वातच राहू शकत नाहीत, कागदावर आणल्या तर त्यांचे मर्म जाते. येथे माध्यमाचा विचार झाला खरा, पण साध्या कादंबरीच्या किंवा पाठ्यग्रंथाच्या वाचकाला त्याचा लाभ नव्हता. मधली वाट पुढे २०११ च्या सुमारास अमेरिकेतील ‘क्यूईडी’ या गुणवत्तामुद्रेने शोधली : मजकूर कोणाचाही असो, ते ई-पुस्तक वेगवेगळ्या यंत्रांवर नीट वाचता येते का, एवढेच तपासायचे. दिसायला किरकोळ वाटणारी ही कसोटी मराठी आणि उर्दूसाठी खरी मोलाची आहे.

छापील पुस्तकाच्या बाबतीत आपल्याकडे ही दृष्टी होती. फेडरेशन ऑफ इंडियन पब्लिशर्स ही संस्था ग्रंथनिर्मितीतील उत्कृष्टतेसाठी दरवर्षी पारितोषिके देत आली आहे. त्यात मांडणी, छपाई, बांधणी पाहिली जाते. ई-पुस्तकाची ‘बांधणी’ मात्र डोळ्यांना दिसत नाही.

उर्दूचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नस्तालीक लिपीतील अक्षरे तिरकस उतरत एकमेकांत मिसळतात आणि शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलतात. त्यामुळे खिळ्यांचे मुद्रण उर्दूला कधी मानवले नाही. एकोणिसाव्या शतकात तिने शिळाछापाचा आश्रय घेतला आणि लखनऊच्या नवल किशोर छापखान्याने (स्थापना १८५८) त्याच बळावर उर्दू ग्रंथ घरोघरी नेले. कातिबाने लिहायचे आणि दगडावरून छापायचे, ही पद्धत विसाव्या शतकातही टिकून होती. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहून मोनोटाइपसाठी ‘नूरी नस्तालीक’ घडवली आणि ‘जंग’ हे दैनिक संगणकावर जुळवले जाऊ लागले. १९९४ मध्ये ‘इनपेज’ आले आणि कातिबाची बैठक जवळजवळ संपली. परंतु इनपेजमधून निघालेले पान इंटरनेटवर बहुधा चित्र म्हणूनच जात असे. म्हणजे शिळाछापाचा दगड जाऊन त्याच्या जागी चित्राची फाइल आली. चित्रात शब्द शोधता येत नाही आणि अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते.

मराठीची स्थिती याहून फार निराळी नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण प्रकाशनव्यवसाय दीर्घकाळ ‘श्री-लिपी’सारख्या स्वतंत्र संकेतांच्या टंकांवर चालला. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक चिन्हांत बदलतो. २००८ पासून ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ने विनामूल्य मराठी पुस्तके घरोघरी पोहोचवली, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले ग्रंथ संकेतस्थळावर खुले केले, २०१३ पासून ‘रेख्ता’ने दुर्मीळ उर्दू पुस्तकांची पाने उपलब्ध केली. या कामांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यातील बराच भाग छापील पानाची प्रतिकृतीच आहे. उधन्यातील विद्यार्थी ती मोबाइलवर उघडतो आणि प्रत्येक ओळ बोटाने डावीउजवीकडे सरकवत वाचतो. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलने पाच भारतीय भाषा स्वीकारल्या. हिंदी, तमिळ व मल्याळम यांच्यासोबत मराठी आणि गुजराती त्या यादीत होत्या. उर्दू नव्हती.

वास्तविक तांत्रिक अडसर तोवर बराच दूर झाला होता. उजवीकडून डावीकडे पान उलटण्याची सोय असलेले ‘ईपब-३’ हे मानक २०११ मध्ये आले आणि ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मुक्त टंक २०१४ मध्ये. उरले ते काम कारागिराचे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधले खोल भाग. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये मजकूर नेताना हा फरक पुसला जातो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरतो. उर्दूत अरबी काफ आणि उर्दू काफ यांना युनिकोडमध्ये वेगवेगळे क्रमांक आहेत. डोळ्यांना दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, परंतु एका काफने लिहिलेला ‘किताब’ हा शब्द दुसऱ्या काफने शोधला, तर शोध रिकामा येऊ शकतो. मराठी-उर्दू ई-पुस्तकांसाठी उद्या एखाद्या संस्थेने परीक्षक नेमले, तर त्यांनी प्रस्तावनेच्या आधी हे दोन शब्द शोधून पाहावेत. मग अक्षर दुप्पट मोठे करून ओळ पडद्यात मावते का ते पाहावे, तळटीपेवर बोट ठेवून ती उघडते का ते पाहावे, आणि तेच पुस्तक एखाद्या साध्या, स्वस्त मोबाइलवर पुन्हा एकदा उघडावे.