काळे इस्रायल आणि दप्तर

कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या इतिहासाकडे आपण निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. हा समाज मराठी बोलणारा, कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत तेलाचा घाणा चालवणारा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणे. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर अशी गावावरून आडनावे. धर्म परका असला तरी जातिव्यवस्थेने त्यांनाही उतरंडीत एक पायरी नेमून दिली, आणि ती वरची नव्हती.

पण या समाजाने लिहून ठेवले. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. ठाण्याचे 1879 चे आहे. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1897 पर्यंत समाजाचा इतिहास सिद्ध केला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये, किहीमकरांच्या मृत्यूनंतर. अमेरिकेत सिनसिनाटी शहरी जेकब रेडर मार्कस यांनी 1947 साली ज्यूंच्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र अभिलेखागारच स्थापन केले. आमच्या तेल्याचे हस्तलिखित मात्र 40 वर्षे वाट पाहत राहिले.

आता या इतिहासातील बोचणारी गोष्ट. समाजात दोन गट होते : गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. हा भेद कातडीचा नव्हे. बेने इस्रायल पुरुष आणि बाहेरच्या जातीची स्त्री यांची संतती ती काळी! तिच्याशी बेटीव्यवहार नाही, रोटीव्यवहार नाही, प्रार्थनेतही मान मागाहून. ही शिकवण मोशेच्या धर्माची की मनूच्या, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आणि हाच न्याय गोऱ्यांच्याही वाट्याला आला. 1836 मध्ये मुंबईतील बगदादी ज्यूंनी दफनभूमीत मध्ये भिंत घालण्याची मागणी केली. रंगूनमध्ये सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्रायलांना मत नाकारले गेले. 1935 साली न्यायालयाने ते मिळवून दिले. 1948 नंतर हजारो लोक इस्रायलला गेले, तेव्हा तेथील धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या आईच्या बाजूची वंशचौकशी सुरू केली. तेल्याच्या आजीने दाखला कोठून आणावा? लोक रस्त्यावर उतरले, धरणे धरले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना इतर ज्यूंच्या बरोबरीचे ठरवले.

मी गणेशपुरी परिसरात शिकवतो. कातकरी-वारली मुले जातपडताळणीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा शोधत फिरतात. अनुसूचित जातींसाठी तारीख 10 ऑगस्ट 1950. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडेच शाळेचा दाखला मागायचा! म्हणून वंशाचा कागद मागितला की त्या बेने इस्रायलांची तगमग मला पुस्तकाबाहेरही कळते. पण त्यांच्याजवळ किहीमकर होता, सिनेगॉगची दप्तरे होती. काळ्या इस्रायलांनी स्वतःविषयी लिहिलेला इतिहास कोठे आहे? त्यांच्याविषयी जे लिहिले ते इतरांनी, आणि बहुधा ओझरते.

हे काम अजून होण्यासारखे आहे. अश्दोद, लोद, दिमोना येथे मराठी बोलणारी वृद्ध माणसे आहेत. त्यांना घाण्याविषयी सगळेच विचारतात. घरात कोणाचे ताट वेगळे ठेवले जाई, हे त्यांना विचारले पाहिजे.