खाजनाचा बांध आणि गावकरी

मांडवी आणि झुआरीच्या काठाने जाताना एक नवल दिसते: भरतीचे पाणी वर आणि भाताचे शेत खाली! या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. पूर्वजांनी खारफुटीच्या दलदलीत माती, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून ती मिळवली. १५२६ मध्ये आफोंसो मेक्सिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकरीचे रिवाज फोरालमध्ये नोंदवले, तेव्हा ही गावसंस्था जुनीच होती. बांधांची देखरेख तिच्याकडेच असे.

खाजनाचे मर्म मानशीत आहे. मानस म्हणजे बांधातली लाकडी दारे. भरतीच्या रेट्याने ती आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाने जमिनीतला खार धुतला की भात घ्यायचा. कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन मासळी आणि कोळंबी धरायची. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलते आणि तिच्या मुळांत माशांची पिल्ले वाढतात. कोरगुट, आसगो हे खार सोसणारे भात याच मातीत घडले. शेती आणि निसर्ग यांत इथे भांडण नव्हते. मात्र मानस केव्हा उघडायची, हे एकट्याने ठरवायचे नसे.

नेमकी हीच घडी विस्कटली. १९६४ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि ते योग्यच झाले. पण बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे जाताना अनेक गावांत ती कोणाचीच उरली नाही. काही ठिकाणी मासळीच्या लोभाने मानस अवेळी उघडी राहू लागली. बांध फुटला की शेत खारावते. तिथे जया, ज्योतीसारखी सुधारित वाणे टिकत नाहीत, आणि कोरगुटाचे बी तर घरोघरी संपत आलेले!

जुन्या गोव्याजवळच्या एला येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' ही वाणे दिली. बी अशा रीतीने वाचू शकते. बांध मात्र प्रयोगशाळेत बांधता येत नाही. त्याला गावच लागतो.

चतुर्थीच्या दिवसांत आपण नव्या भाताची कणसे देवापुढे ठेवतो आणि माटोळीला रानफळे बांधतो. ती कणसे कोणत्या बांधाआडून आली, हेही मुलांना सांगूया. आणि आपल्या गावच्या मानशीचा विषय ग्रामसभेत निघेल, तेव्हा तिथे हजर राहूया.