पिंड, नामावळी आणि शिलालेख : नाशिकच्या मृत्युविचाराचा इतिहास

गोदावरीकाठच्या नाशिकला तीर्थक्षेत्र म्हणून जी कीर्ती लाभली, तिच्यात देवदर्शनाइतकाच मृतांच्या क्रियाकर्मांचा वाटा आहे. वनवासातील रामाने दशरथाचे श्राद्ध येथे केले ही श्रद्धा, नदीने येथे घेतलेले दक्षिणेचे, म्हणजे यमाच्या दिशेचे वळण, आणि ‘अस्थिविलय तीर्था’त अस्थी विरघळून जातात हा समज, यांमुळे पंचवटीतील रामकुंडाकडे दूरदूरची कुटुंबे अस्थी घेऊन येत राहिली. हे कुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधले आणि पुढे गोपिकाबाई पेशवे यांनी त्याची दुरुस्ती केली. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव हे तिन्ही पुत्र १७६१ ते १७७३ या बारा वर्षांत गमावलेल्या या बाईने उत्तरायुष्य नाशिकजवळ गंगापूर येथे काढले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दुरुस्तीकडे केवळ दानधर्म म्हणून पाहणे अवघड होते.

घाटावरील विधींचा गाभा दशक्रिया हा आहे. गरुडपुराणाच्या कल्पनेनुसार देह जळाल्यावर उरलेल्या ‘प्रेता’ला, म्हणजे अजून पितरांत न मिसळलेल्या मृताला, दहा दिवसांच्या दहा पिंडांनी एकेक अवयव मिळत नवा देह प्राप्त होतो, आणि बाराव्या दिवसाच्या सपिंडीकरणात त्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते पिता, पितामह व प्रपितामह यांच्या पिंडांत मिसळले की तो पितर होतो. स्मशानात उचललेला ‘जीवखडा’ नावाचा दगड या काळात मृताचे प्रतीक म्हणून तिलांजली घेत राहतो. दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते. तो शिवेनासा झाला की नातलग मृताची राहिलेली इच्छा कोणती असावी याचा अंदाज बांधतात, धाकटीचे लग्न करून देऊ, घर मोडू देणार नाही, अशी वचने मोठ्याने देतात, आणि तरीही काम झाले नाही तर दर्भाचा कावळा करून त्याचा पिंडाला स्पर्श करवतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट हर्ट्झ यांनी १९०७ मध्ये बोर्निओतील दायाक लोकांच्या दुहेरी दफनाचा अभ्यास करून असे मांडले की, मृत्यू ही क्षणाची घटना नसून देह, आत्मा आणि शोक करणारे या तिघांनी मिळून पार करायचा कालखंड आहे; घाटावरच्या दहा-बारा दिवसांना हे विवेचन चपखल लागू पडते.

मात्र तत्त्वज्ञानाच्या अंगाने येथे एक मोठी अडचण आहे. कर्मानुसार आत्मा नवा देह धारण करत असेल, तर नातवाने दिलेला पिंड नेमका कोणाला पोहोचतो? भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात श्राद्धाचे विवेचन करताना पुनर्जन्म आणि पितृलोक या दोन श्रद्धांमधील हा विसंवाद मोकळेपणाने नोंदवला आहे, आणि चार्वाकांनी तर त्याच्या कितीतरी आधी, श्राद्धाने मृत तृप्त होत असतील तर प्रवाशाला शिदोरी बांधून देण्याचे कारण काय, असा टोला मारून ठेवला होता. या प्रश्नाला ग्रंथांनी दिलेली उत्तरे फारशी समाधानकारक नाहीत. व्यवहाराने मात्र आत्म्याच्या गतीपेक्षा मृताच्या नात्याला अधिक वजन देऊन तो बाजूला सारला.

तीर्थोपाध्यायांच्या नामावळी हा त्याचा ठोस पुरावा होय. यजमानाचे गाव, आडनाव, गोत्र, कोणाच्या निमित्ताने तो आला आणि त्याच्या घरातील माणसे कोण, हे या वह्यांत टिपून ठेवलेले असते, बरेचदा येणाऱ्याच्याच हस्ताक्षरात, आणि जुन्या नोंदी मोडी लिपीत आढळतात. वंशावळ पुरुषांच्या नावांनी चालते, हा त्यांचा मोठा उणेपणा आहे.

नाशिकमधील मृतस्मरणाचा त्याहून कितीतरी जुना लेख मात्र एका आईचा आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यवर्ष १९ मध्ये, गौतमी बलश्रीने बौद्ध भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्याच्या दानाची नोंद आहे. तीत दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव आहे : शक, यवन व पल्हवांचा नाश करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा, आणि या दिग्विजयी विशेषणांच्या गर्दीतच त्याने मातेची अखंड सेवा केल्याचा उल्लेख येतो. राजप्रशस्तीच्या ठरीव साच्यात हा उल्लेख आईने आवर्जून घालून घेतला असावा, असे मानण्यास जागा आहे. याच लेखात सातकर्णीचा पुत्र पुळुमावी आजी बलश्रीच्या संतोषासाठी या लेण्याला गाव देतो आणि त्याचे पुण्य पित्याला अर्पण करतो, असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे पिंड नसला तरी मृताच्या नावे काही देण्याची कल्पना तेथेही आहे.

आधुनिक काळात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने भटजींच्या मध्यस्थीवाचून संस्कार करण्याचा आग्रह धरला, तेव्हा प्रहार झाला तो पुरोहिताच्या मक्तेदारीवर. मृतांचे स्मरण करण्याची गरज त्याने नाकारली नाही. पुढे ग्रामीण भागात दशक्रियेला वारकरी कीर्तनकाराचे प्रवचन ठेवण्याची रीत रुजली, आणि नाशिक जिल्ह्यात ती आज सर्रास दिसते. देह नाशिवंत, आत्मा अमर, संसाराची आसक्ती व्यर्थ, असे प्रवचनकार सांगत असतो आणि थोड्याच अंतरावर पिंड मांडले जात असतात, पण या विरोधाची टोचणी कोणालाच लागत नाही. त्यानंतर पाव्हणेरावळे, सोसायटीचे चेअरमन आणि पुढारी ध्वनिवर्धकावरून श्रद्धांजली वाहतात, मृताच्या मुलाबाळांची, जावयांची व भावकीची नावे घेतात, आणि ही भाषणे कधी कधी प्रवचनाहूनही लांबतात.