विमान तिकीट काढताना घ्यावयाची दक्षता

कोपरगाव तालुक्यातील काकडी येथील विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. आरक्षण करताना तो ‘शिर्डी’ (संकेताक्षरे एसएजी) या नावाने शोधावा. तिकिटावरील नाव ओळखपत्राप्रमाणेच असावे. विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटातील नावाची किरकोळ चूक २४ तासांत कळविल्यास, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार, दुरुस्तीचे शुल्क आकारता येत नाही. मुंबई-पुण्याहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाची तारीख दुसऱ्या दिवसाची असते. ती नीट न पाहिल्यास प्रवासी एक दिवस उशिरा पोहोचतो व संपूर्ण भाडे बुडते. मात्र ‘परतावा नाही’ अशा तिकिटावरही न वापरलेले कर व विमानतळ शुल्क परत मिळते. ते अवश्य मागावे.