जे. लायन्स अँड कंपनी

जे. लायन्स अँड कंपनी (सामान्यतः 'लायन्स') ही उपाहारगृहे, खाद्यपदार्थांचे उत्पादन आणि हॉटेले या क्षेत्रांतील एक ब्रिटिश कंपनी होती. सोयरिकीने जोडल्या गेलेल्या सॅल्मन व ग्लुकस्टाइन या लंडनमधील ज्यू कुटुंबांनी जोसेफ लायन्स यांच्या साहाय्याने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. स्वच्छ, माफक दराची चहागृहे, 'निप्पी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेट्रेस आणि व्यापारी कामासाठी नियमितपणे वापरला गेलेला जगातील पहिला संगणक 'लिओ' यांसाठी ही कंपनी प्रसिद्ध आहे.

पार्श्वभूमी

सॅम्युअल ग्लुकस्टाइन हे आजच्या जर्मनीतील प्रदेशातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये आले आणि सिगार बनविण्याच्या व्यवसायात त्यांनी जम बसविला. भागीदार असलेल्या नातलगांशी झालेला त्यांचा वाद न्यायालयात गेला व ती भागीदारी संपुष्टात आली. या अनुभवानंतर कुटुंबाने एक सामाईक निधी उभारला. सर्व सदस्यांची मिळकत त्यात जमा होई आणि वाटणी समान असे. सॅम्युअल यांची मुले आणि जावई बार्नेट सॅल्मन यांनी स्थापन केलेली 'सॅल्मन अँड ग्लुकस्टाइन' ही तंबाखू विक्रेती पेढी पुढे ब्रिटनमधील मोठ्या पेढ्यांपैकी एक ठरली. १९०२ मध्ये ती इंपीरियल टोबॅको कंपनीने विकत घेतली. या निधीमुळे नव्या उद्योगांसाठी भांडवल घरातच उपलब्ध झाले. मात्र निधीतील वाटा व व्यवसायातील निर्णय पुरुषांकडेच राहिले. मुलींना त्यात स्थान नव्हते.

स्थापना

व्यापारानिमित्त फिरणारे माँटेग्यू ग्लुकस्टाइन यांना प्रदर्शनांच्या ठिकाणी चांगला चहा व अल्पोपाहार मिळत नसल्याचे जाणवले. त्यांनी खानपानसेवेची कल्पना कुटुंबापुढे मांडली. तंबाखूच्या व्यापारात प्रतिष्ठा मिळविलेल्या कुटुंबाला या धंद्याशी आपले नाव जोडले जाणे रुचत नव्हते. म्हणून दूरचे नातलग जोसेफ लायन्स यांचे नाव कंपनीला देण्यात आले. लायन्स हे चित्रकार होते, तसेच प्रदर्शनांमध्ये दुकाने मांडण्याचा त्यांना अनुभव होता. १८८७ च्या न्यूकॅसल येथील प्रदर्शनात कंपनीने चहाची व्यवस्था पाहिली. १८९४ मध्ये तिचे समभाग जनतेसाठी खुले झाले. लायन्स यांना १९११ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

चहागृहे व कॉर्नर हाउस

पहिले चहागृह १८९४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली मार्गावर २१३ क्रमांकाच्या इमारतीत सुरू झाले. एरेटेड ब्रेड कंपनीची चहागृहे त्याआधीपासून होती, त्यामुळे ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. लायन्सचे वेगळेपण एकसारखेपणात होते. पांढऱ्या व सोनेरी रंगाचा दर्शनी भाग, ठरलेले दर, मोजून दिलेले पदार्थ आणि सर्वत्र तीच चव यांमुळे कोणत्याही शाखेत काय मिळेल हे ग्राहकाला आधीच ठाऊक असे. पाव, केक व इतर पदार्थ हॅमरस्मिथ भागातील कॅडबी हॉल येथील कारखान्यात तयार होऊन शाखांना पुरविले जात. भरभराटीच्या काळात अशी सुमारे २५० चहागृहे होती.

दारूच्या गुत्त्यात जाणे अप्रशस्त मानले जाई आणि मोठी उपाहारगृहे परवडत नसत, अशा काळात कारकून, विक्रेते व नोकरदार स्त्रिया यांना या चहागृहांचा आधार मिळाला. स्त्रीने एकटीने बाहेर बसून खाणे सर्वमान्य होण्यास त्यांनी हातभार लावला.

१९०९ मध्ये कॉव्हेंट्री स्ट्रीट येथे पहिले 'कॉर्नर हाउस' उघडले. या बहुमजली इमारतींत तळमजल्यावर खाद्यपदार्थांची विक्री आणि वरच्या मजल्यांवर निरनिराळी उपाहारगृहे असत. तेथे वाद्यवृंदही वाजत. स्ट्रँड पॅलेस, रीजंट पॅलेस व कंबरलँड ही हॉटेलेही याच समूहाची होती.

विपणन

वेट्रेसना प्रारंभी 'ग्लॅडिस' असे सरसकट नाव होते. १९२० च्या दशकाच्या मध्यास त्याऐवजी 'निप्पी' हे नाव रूढ झाले. इंग्रजीत त्यातून चपळपणा सूचित होतो. काळा पोशाख, मोत्यासारख्या बटणांच्या रांगा, पांढरा एप्रन आणि टोपी हा गणवेश ठरलेला होता. कंपनीने या प्रतिमेचा जाहिरातींमध्ये मुबलक वापर केला. १९३० मध्ये लंडनच्या रंगभूमीवर 'निप्पी' नावाची संगीतिकाही आली. मालकांपैकी कोणाचाही चेहरा पुढे न आणता सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यालाच कंपनीचे प्रतीक बनविण्याचे हे एक लवकरचे उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर सजावटीच्या साहित्याचा तुटवडा असताना चहागृहांच्या भिंतींसाठी नामवंत चित्रकारांकडून शिलामुद्रित चित्रे करून घेण्यात आली. १९४७ ते १९५५ दरम्यान त्यांच्या तीन मालिका निघाल्या. एल. एस. लाउरी व एडवर्ड बॉडन यांची चित्रे त्यांत होती. पूर्व लंडनमधील ज्यू स्थलांतरितांचे पुत्र असलेले बार्नेट फ्रीडमन यांचाही या उपक्रमात सहभाग होता.

परकेपणाचा आरोप

पहिले महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये कंपनीचे संचालक जर्मन असल्याचा प्रचार झाला. चहाच्या व्यापारातील प्रतिस्पर्धी लिप्टन कंपनीविरुद्ध लायन्सने न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या व वाढलेल्या पिढीलाही आडनावावरून परके ठरविले जात होते, हे यावरून दिसते. पुढे याच कुटुंबातील सर आयसिडोर सॅल्मन हे संसदसदस्य झाले आणि १९३८ मध्ये ब्रिटिश लष्कराचे मानद खानपान सल्लागार नेमले गेले. त्यांच्या कामातून १९४१ मध्ये 'आर्मी केटरिंग कोर' हे दल उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात एल्स्टो येथील दारूगोळा कारखान्याचे व्यवस्थापनही लायन्सकडे होते.

लिओ संगणक

एका कप चहावरील नफा अत्यल्प असल्याने लाखो लहान व्यवहारांचा अचूक हिशेब ठेवणे ही कंपनीची मूलभूत गरज होती. गणितज्ञ जॉन सिमन्स यांच्या नेतृत्वाखाली कार्यालयीन कामकाजाचा पद्धतशीर अभ्यास होत असे. १९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेत गेले असता त्यांना केंब्रिज विद्यापीठातील 'एडसॅक' या संगणक प्रकल्पाची माहिती मिळाली. लायन्सने त्यास ३,००० पौंडांचे साहाय्य दिले आणि त्याच धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला. जॉन पिंकर्टन यांनी यंत्ररचना केली, तर डेव्हिड कॅमिनर यांनी कामकाजाची आखणी व आज्ञावलीची बाजू सांभाळली. नोव्हेंबर १९५१ पासून 'लिओ' बेकरी उत्पादनाच्या मूल्यांकनाचे नियमित काम करू लागला. नंतर वेतनाचा हिशेबही त्यावर होऊ लागला. १९५४ मध्ये स्थापन झालेली लिओ कॉम्प्युटर्स ही कंपनी १९६३ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात विलीन झाली.

ऱ्हास

१९५४ मध्ये लायन्सने ब्रिटनमध्ये 'विंपी' ही हॅम्बर्गरची उपाहारगृहे आणली. झटपट खाद्यपदार्थांच्या प्रसाराबरोबर जुनी चहागृहे मागे पडली. विस्तारासाठी परकीय चलनात घेतलेली कर्जे १९७० च्या दशकात पौंडाचे मूल्य घसरल्याने असह्य झाली. १९७८ मध्ये अलाइड ब्रुअरीज या कंपनीने लायन्स ताब्यात घेतली.

वारसा

चित्रकार ग्लुक (हॅना ग्लुकस्टाइन, १८९५–१९७८) आणि पाककलाविषयक लेखिका नायजेला लॉसन या कुटुंबाच्या वंशज होत. ग्लुक यांनी कुटुंबाचे नाव व स्त्रियांसाठी ठरलेला पोशाख दोन्ही नाकारले. तरी त्यांचा निर्वाह कौटुंबिक संपत्तीवरच होत असे. मार्गारेट थॅचर यांनी संसदसदस्य होण्यापूर्वी लायन्समध्ये रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम केले होते. कंपनीची कागदपत्रे लंडनच्या अभिलेखागारात, तर शिलामुद्रित चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केली आहेत.